पोर्ट सतरा

निळी चपटी केबल लावली, नऊ हजार सहाशेचा वेग धरला,
एंटर दाबलं.
काळ्या पडद्यावर त्यानं आपलं नाव सांगितलं
आणि गप्प बसला.
बाहेर जालन्याची एमआयडीसी, सळयांचा कारखाना,
पत्र्याला हात लावला तर फोड येईल असा वैशाख;
आत एसी अठरावर, मी स्वेटरमधे.

किती दिवस जागा आहेस, विचारलं.
एक हजार चारशे बारा, म्हणाला.
म्हणजे खाजाभाईंनी उठवला, त्यानंतर डोळा मिटलेला नाही.

खाजाभाई पठाणांना मी पाहिलेलं नाही.
ओळख एवढीच, त्यांनी पोर्टांना लिहिलेली वर्णनं,
रोमन अक्षरांत मराठी, स्पेलिंग मनाचं:
तीन – टाकसाळेबाई. आधी फोन करा, मग बंद करा.
नऊ – भट्टी कॅमेरा. नुसता धूर दिसला तर खराब नाही.
बावीस – उंदरानं खाल्ली.

रात्री दोनला यूपीएस बदलायचा होता.
बॅटऱ्या भाकरीसारख्या फुगलेल्या.
वीज काढायच्या आधी, चालू काय आहे आणि जपलेलं काय,
शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायची असते.
स्विचला दोन आठवणी.
एकीवर तो जगतो,
दुसरी घेऊन मेल्यावर उठतो.
मधलं जे सेव्ह केलं नाही
ते वीज गेली की झालंच नव्हतं.

सहा ओळींचा फरक निघाला.
पोर्ट सतरा. वर्णन: वजनकाटा.
व्हीलॅन चाळीस. नाव: घर.
वेळ रात्री नऊ ते साडेअकरा,
हिशोबाकडं वाट नाही, भट्टीकडं वाट नाही,
फक्त बाहेर, तेही बारीक धारेनं.

टॉर्च घेऊन केबलीमागं निघाले.
भंगाराच्या ढिगाला वळसा घालून ती काट्याच्या केबिनीत शिरली,
बिलाचा संगणक चुकवून खिडकीतून परत बाहेर,
सुतळीनं कडुलिंबाला बांधलेली,
लेबर रूमच्या पत्र्याखाली.
मिठाच्या डब्यामागं जुना राउटर. भिंतीवर खडूनं पाळ्या:
सोमवार – रामबली, छोटेलाल, इस्राफिल. दस दस मिनट.
एक जण जागाच होता.
“मॅडम, बंद होगा क्या?”
“देखते,” म्हटलं.

घुलेसाहेबांचा हुकूम होता,
कागदावर नाही ते काढून टाका.
खाजाभाई सेव्ह करायला विसरले?
का मुद्दाम ठेवलं तसं,
कुणी विचारलंच तर एक झटका, आणि काहीच नव्हतं?
सगळं इतकं नीट बांधणारा माणूस विसरेल कामून?

पावणेदोन. यूपीएसपाशी गजहंस, हात बटणावर.
“काढू का मॅडम?”
“थांबा की हो.”
राईट मेमरी एवढं टाइप करून बसले.
कर्सर उघडझाप करत होता.
दाबलं तर मी केलं.
नाही दाबलं तरी मीच.

मग मागं गेले. सतराचं वर्णन पुसून नवं लिहिलं:
वजनकाटा आणि घर. विचारायचं असेल तर इंदुमती गव्हाणे,
पुढं माझा मोबाईल नंबर.
एंटर.
ओके, म्हणाला.
“काढा.”

पंखे थांबल्यावर कळलं
खोलीत इतके दिवस किती आवाज होता.

चार मिनिटांनी दिवे यायला लागले.
कुलूप उघडल्यासारखे भराभर हिरवे;
त्यांना खाजाभाईंनी थेट आत यायची सवलत दिलेली.
सतरा तेवढा केशरी.
पलीकडं माणसं असतात, पेटी जोडलेली असते,
एकच वाट गोल फिरून परत येत नाही ना,
याची खात्री होईपर्यंत तीस सेकंद काही पुढं सोडायचं नाही.

“एक राहिला वाटतं,” गजहंस म्हणाले.
“राहिला नाही,” म्हटलं,
“तो आधी ऐकून घेतो.”